रविवारी बघतो

काका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांचा चहा निवून गेला, कारण सबंध वेळ ते आमच्या फ्रिजसमोर उभे होते. मान उजवीकडे कललेली, डोळे मिटलेले. मी दोनदा "काका, बसा ना," म्हटलं. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तशा स्वरात म्हणाले, "कॉम्प्रेसर. नाताळ काढेल. पुढचं सांगता येत नाही."

फ्रिज जानेवारीत गेला.

काका आमचे घरमालक. स्टुटगार्टच्या एका चढावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे, त्यांच्याच दुसऱ्या फ्लॅटमध्ये वर आम्ही. जन्म सांगलीचा, पण सगळी नोकरी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात झाली. काम एकच: नव्या गाडीत नको असलेला आवाज कुठून येतो ते शोधायचं. दाराची किरकिर, सीटखालची खुळखुळ, साठच्या वेगाला येणारी आणि सत्तरला बंद होणारी गुणगुण. मेकॅनिक वापरतात तो लांब सळईचा स्टेथोस्कोप त्यांच्याकडे होता. निवृत्त झाल्यावरही तो कोटाच्या आतल्या खिशात असे. इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना आवाजवाले काका म्हणायची. एका गणपतीला चर्चच्या हॉलमध्ये आरती ऐन रंगात आली असताना यांनी हात वर करून ती थांबवली होती. सगळे चपापले. काका शांतपणे म्हणाले, "डावीकडच्या झांजेला तडा आहे." तडा होता. पण काकूंनी घरी जाईपर्यंत त्यांची खरडपट्टी काढली. "अहो, देवाला चालतंय, तुम्हाला का चालत नाही?"

माझं आणि काकांचं जमलं ते एकमेकांच्या उलट असल्यामुळे. मी याद्या करते. एका सप्लायर कंपनीत प्रोजेक्ट प्लॅनिंग बघते. कोणाचं काय राहिलंय ते ज्याचं त्याला सांगत राहणं हाच माझा धंदा. घरीही तेच. काका म्हणायचे, "तू पाना हातात घेऊनच जन्मलीस. आधी ऐकायचं असतं गं. आधी ऐका, मग पाना." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बिघडलेलं वॉशिंग मशीन असो की कोणाच्या नवराबायकोतलं भांडण, दोन्हीला तेच लागू.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत मात्र एक आवाज होता.

गाडी जुनी, करड्या रंगाची. चालवायचे काका, शेजारी काकू. काकूंच्या बरोबर समोर, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी किटकिट व्हायची. इंजिन नुसतं चालू असलं तरी थोडी, आणि आमच्या रस्त्याच्या दगडी उतारावर तर भरपूर. काकू पुढे झुकून तिथे पालथा पंजा दाबून ठेवायच्या. किटकिट थांबायची. हात काढला की पुन्हा सुरू. मी मागच्या सीटवरून हा प्रकार कितीदा पाहिलाय.

"अहो, जगाच्या गाड्या गप्प केल्यात, माझ्यासमोरची ही एक गप्प करा की!"

"रविवारी बघतो."

"कुठल्या रविवारी? या युगातल्या की पुढच्या?"

"अगं, क्लिप असेल. दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच होत नाहीये. दोन वर्षांचं असतं तर तुम्ही लगेच घेतलं असतंत."

त्या हाताने डॅशबोर्डवर तेवढीच एक जागा गुळगुळीत झाली होती. बाकीचं प्लॅस्टिक खरबरीत, मळकट. तो एक तळव्याएवढा भाग तेवढा चकचकीत.

काकू गेल्या त्या स्वयंपाकघरात, पोह्यांना फोडणी घालताना. मेंदूत रक्तस्राव. रुग्णवाहिका लगेच आली, पण उपयोग झाला नाही. मी त्याच दिवशी कामाला लागले. मृत्यूचा दाखला, पेन्शनचं ऑफिस, आरोग्यविमा, बँक, काकांच्या भारतातल्या भावांना फोन, डबे कोण कोणत्या दिवशी देणार. सगळं लिहून काकांच्या हातात यादी दिली. मला वाटलं होतं, ती टेबलावर पडून राहील आणि एकेक काम मलाच करावं लागेल. आठवडाभराने काका वर आले. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे टिक होती. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "पुढची?"

"पुढची काय, काका?"

"यादी. ही झाली."

मी म्हटलं, आता काही नाही, आता तुम्ही विश्रांती घ्या. ते दारातच उभे राहिले. जायलाही तयार नाहीत आणि आत यायलाही नाहीत. शेवटी म्हणाले, "घरात फार शांत आहे गं. तुमचं डिशवॉशर जरा लावतेस का? जमिनीतून खाली ऐकू येतं."

मी अर्धं रिकामं डिशवॉशर लावलं. नंतर बरेच दिवस, भांडी असोत नसोत, जेवणानंतर लावत राहिले.

आमच्या इमारतीत, या भागातल्या सगळ्या इमारतींत असते तशी, जिना झाडण्याची पाळी होती. दारावर एक छोटी पाटी लटकते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना आणि बाहेरची पायवाट झाडायची, मग पाटी पुढच्या दारावर नेऊन अडकवायची. काकूंची पाळी चालू असतानाच त्या गेल्या. काकांनी पाटी पुढे सरकवलीच नाही. दर शनिवारी सकाळी ते जिना झाडायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, आणि पाटी त्यांच्याच दारावर राहायची. तळमजल्यावरच्या जर्मन आजी आधी बेचैन झाल्या. इथे फुकट झाडून मिळणं हाही नियमभंगच. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुझ्या काकांना माहीत आहे ना, की आठवडा संपतो?"

मी म्हटलं, "माहीत आहे."

आजी थोडा वेळ पाटीकडे बघत राहिल्या. "आल्झो," म्हणजे 'बरं तर', एवढंच म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

काकूंनंतर काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर कोणी बसायचं नाही, असा नियम झाला. मंडळाच्या कार्यक्रमाला कोणाला सोडायचं असेल तर सगळे मागे. मागे तिघं अंग चोरून बसलेली आणि पुढची सीट रिकामी. लोक "काकांची टॅक्सी" म्हणायचे आणि मग लगेच आवाज खाली आणून, "राहू दे, काकूंची जागा आहे ती. वेळ लागतो." मलाही तसंच वाटायचं. एकदा बाजारातून येताना मागे पिशव्या इतक्या झाल्या की मी सरळ पुढचं दार उघडलं. काकांनी माझा दंड धरला.

"तिथे नाही. एअरबॅग खराब आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकॉल आहे, कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावलीय. धक्का बसला तर ती नीट फुगत नाही. आतलं धातूचं डबडं फुटतं, तुकडे उडतात. फक्त त्याच बाजूची." फ्रिजबद्दल बोलले होते तसेच बोलत होते. "ती गेल्यानंतर कळवलं त्यांनी. इतकी वर्षं ती त्याच्यावरच हात ठेवून बसत होती."

माझ्या हातातल्या पिशव्या हातातच राहिल्या. "मग बदलून घ्या की! रिकॉलचं काम तर करूनच देतात. मी उद्या फोन करते."

"पूर्ण डॅशबोर्ड निघतो त्याला. वरचा सगळा भाग नवा येतो." ते गाडीला वळसा घालून स्टिअरिंगपाशी गेले. "आवाज जाईल."

गाडी दगडी उतारावर आली. किटकिट सुरू झाली. समोर कोणी नव्हतं, त्यामुळे ती थांबली नाही. काका मान कलती करून गाडी चालवत होते आणि मी मागे बसून माझ्या डोक्यातली यादी करत होते. शेवटी मला न राहवून मी म्हटलं, "काका, तुमच्याकडे रेकॉर्डिंगची सगळी मशिनं असतील. आवाज रेकॉर्ड करून ठेवा. चांगला स्वच्छ. मग बदला."

"केलाय," काका म्हणाले. "सगळ्या वेगांना केलाय. पण रेकॉर्डिंगवर हात कुठे ठेवणार?"

मी शेजारच्या पिशव्या सरळ केल्या. एवढंच म्हटलं, "रेवाला हे माहीत आहे का? तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मीच सांगतो."

रेवा त्यांची एकुलती मुलगी. झिंडेलफिंगेनला राहते, नवरा जर्मन. इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. त्या वेळी तिला सातवा महिना होता. काका तिला सांगणार सांगणार म्हणत राहिले, आणि वर्षश्राद्धाचा दिवस येऊन ठेपला.

श्राद्ध रेवाकडे करायचं ठरलं होतं, आणि त्याचं कारण कावळे. आमच्या उतारावर नुसती कबुतरं. तिच्या बिल्डिंगमागे मोकळं शेत आहे आणि तिथे कावळे हवे तेवढे. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर सांगणार होते. त्यांची दुपार म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे वेळ पाळणं भाग होतं. रेवा आदल्या दिवशीच माझ्या मदतीला आली होती. सकाळी वडे, खीर, आमटी, सगळं डब्यांत भरून आम्ही खाली उतरलो. मी डबे मांडीवर घेऊन मागे बसले. रेवाने पुढचं दार उघडलं.

"मागे बस," काका म्हणाले.

तिने पोटाकडे बोट दाखवलं. मागे तिला वाकून शिरता येत नव्हतं.

"मागे बस, रेवा. त्या सीटची एअरबॅग खराब आहे."

काकांनी ते सांगितलं तेव्हा मी डब्यांची झाकणं तपासत होते. वर पाहिलं नाही. पण रेवाचा आवाज ऐकूनच मला कळलं.

"सायट वान?" कधीपासून, तिने विचारलं.

"आई गेल्यावर कळलं. बदलली तर तिच्यासमोरचा तो आवाज जाईल."

"एक वर्ष?" हे तिने मराठीत विचारलं. मग पुन्हा जर्मनमध्ये, भराभर. वर्षभर तू हे ठेवलंस? मला फोनवर रोज काय जेवलास ते सांगतोस, आणि हे नाही? बाळाला या गाडीतून नेणार होतास? आईच्या नावाने?

"बाळ मागे बसेल."

"आणि तू? तू काय करणार, आयुष्यभर माणसं मागे बसवणार?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिच्या नवऱ्याचा होता. गुरुजी येऊन बसलेत, मी त्यांच्याकडे बघून हसतोय, ते माझ्याकडे बघून हसतायत, आता काय करू? मी त्याला म्हटलं, असंच हसत राहा, आम्ही निघालो.

फोन ठेवेपर्यंत रेवा पुढच्या सीटवर बसली होती. दार ओढून लावलेलं, पट्टा पोटाखालून बांधलेला.

"चालव," ती म्हणाली.

"उतर."

"नाईन, नाही उतरत. तुला हा आवाज हवाय ना? मग मी आईच्या जागेवर बसते. चालव."

मी मागून म्हटलं, "रेवा, अगं..." तिने मागे न बघता हात वर केला आणि मी गप्प बसले. इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या आजी हातात कचऱ्याची पिशवी घेऊन थबकल्या होत्या.

काकांनी किल्ली फिरवली. मला वाटलं, हे खरंच निघणार. पण त्यांनी हँडब्रेक सोडला नाही. त्यांना बहुतेक काहीतरी करायचं होतं आणि गाडीत बसलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. इंजिन सुरू झालं, आणि किटकिट आली.

रेवाने वर्षभरात ती ऐकली नव्हती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे दिसले. रागाने वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. मग तिचा उजवा हात पुढे गेला आणि त्या चकचकीत जागेवर पालथा पडला. लहानपणापासून मागच्या सीटवरून तिने तेच तर पाहिलं होतं. किटकिट थांबली.

"हात काढ!"

काका ओरडले. इतकी वर्षं त्यांच्या वर राहत होते, त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बंद गाडीत तो काचांवर आपटला. रेवाने हात झटकन मागे घेतला. काकांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढायला गेले. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती निघाली. ती त्यांनी खिशात घातली आणि खाली उतरले.

आम्ही एस-बानने, इथल्या लोकलने, गेलो. काका धोतरावर कोट घालून, मी मांडीवर डबे घेऊन, आणि रेवा आमच्यापासून दोन सीट लांब, खिडकीकडे तोंड करून. गुरुजींनी उशिराबद्दल काही म्हटलं नाही. पिंड ठेवले, आम्ही शेताकडेला पान ठेवून मागे सरलो आणि कावळा लगेच आला. एरवी कावळा लगेच आला की सगळे सुटल्यासारखे होतात. त्या दिवशी रेवा म्हणाली, "बघ, आईचं काही अडलेलं नाही. तुझंच अडलंय." हे तिने मराठीत म्हटलं. निघताना दारात जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, की बाळ झाल्यावर ट्रेनने ये, आणि ती गाडी आहे तशी असेपर्यंत मी तुझ्याकडे येणार नाही.

त्यानंतर ती आली नाही. काकांचा रोजचा फोन ती उचलायची, बरी आहे म्हणायची आणि ठेवायची. मी खालून ऐकायची वाट बघत असे, काहीही, भांडं पडल्याचा आवाजसुद्धा चालला असता. मी पाना हातात घेतला नाही. वर्कशॉपचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, तारखाही बघून ठेवल्या होत्या, पण फोन केला नाही. आयुष्यात मला एवढं कठीण काही गेलं नसेल.

एका शनिवारी जिना झाडून झाल्यावर काका वर आले. हातात ती पाटी होती.

"ही तुमच्या दारावर," ते म्हणाले. "पुढचा आठवडा तुमचा." मग घसा खाकरून, "आणि ते वर्कशॉपचं. घाल तुझ्या यादीत."

मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "तिचा हात तिथे गेला ना, तेव्हा मला त्या जागेची पहिल्यांदा भीती वाटली. वर्षभर त्या जागेकडे मी मायेने बघत होतो." ते जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत उभे राहिले. "एक कर. मला आत उभं राहू देतील का विचार."

वर्कशॉपमध्ये ग्राहकाला आत उभं करत नाहीत. मी तिथल्या मास्टरशी, म्हणजे मुख्य मेकॅनिकशी, बोलले. तो म्हणाला, विम्याचा प्रश्न येतो. मी म्हटलं, ते आवाजाचे इंजिनिअर आहेत. तो म्हणाला, पण आमच्याकडे नोंद एअरबॅगची आहे, आवाजाची नाही. शेवटी मी त्याला जसं होतं तसं सांगितलं. मग म्हणाला, "जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे. आणि तुम्ही शेजारी."

त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पट्ट्याच्या मागे उभं राहून त्यांनी मास्टरला विचारलं, बॅटरी काढण्याआधी एकदा इंजिन चालू करता का? त्याने केलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मास्टरकडे, आणि मास्टरने मान हलवली. काका पट्टा ओलांडून गेले, खिशातला स्टेथोस्कोप कानाला लावला, सळई ग्लोव्हबॉक्सच्या वर टेकवली आणि डोळे मिटले. शेजारच्या गाडीवर काम करणाऱ्याने हातातलं यंत्र बंद केलं. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

काका बाजूला झाले. "गेनाऊ," म्हणाले, म्हणजे 'बरोबर तोच'.

मग डॅशबोर्ड निघू लागला. स्क्रू, पट्ट्या, वायरी. मास्टरने वरचा भाग उचलला आणि काकांना जवळ बोलावलं. आत एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपचा एक पाय भोकातून सुटून पत्र्यावर टेकला होता. तेवढंच होतं. काकांनी अंगठ्याने ती दाबली. टक्. बसली.

"दोन मिनिटं पण नाही," ते मला म्हणाले.

जुना भाग एअरबॅगसकट कंपनीकडे परत जायचा होता. मास्टर तो उचलून नेत असताना क्षणभर थांबला. काकांनी त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला, काढला, आणि पिवळ्या पट्ट्याच्या मागे येऊन उभे राहिले.

गाडी मिळाली तेव्हा मी सवयीने मागचं दार उघडलं. काका म्हणाले, "हो, मागेच बस. आधी तिला बसू दे." आम्ही तसेच झिंडेलफिंगेनला गेलो. रेवा खाली आली. पोट आता फारच मोठं झालं होतं. तिने वाकून डॅशबोर्ड पाहिला. सगळं नवं, काळं, कुठेच झिजलेलं नाही. मग ती पुढे बसली.

तिच्या घरापासून थोडं पुढे जुन्या गावाचा भाग आहे, तिथला रस्ता दगडी आहे. काकांनी गाडी मुद्दाम तिकडे वळवली. आम्ही तिघंही ऐकत होतो. चाकं दगडांवर धडधडत होती. दुसरं काही नाही. काकांची मान मात्र उजवीकडे कलली होती. एका गल्लीच्या शेवटाला आम्ही वळलो तरी ती सरळ होईना. रेवा बापाकडे बघत होती. त्या दिवशी मंगळवार होता.

मग ती एकदम, स्वच्छ मराठीत, अगदी काकूंचा हेल काढून म्हणाली, "अहो! उजाडला का एकदाचा तुमचा रविवार?"

काकांनी गाडी जिथे होती तिथेच थांबवली, रस्त्याच्या मधोमध. दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळ त्या हातांवर. खांदे गदगदत होते. आधी मला वाटलं, हसतायत. रेवाने त्यांच्या पाठीवर पालथा पंजा दाबून ठेवला.

मागे गाड्या थांबल्या. पहिल्याने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. काकांना तो आवाज ऐकू आला नाही.